अठरा वर्षांखालचं पोरगं पोलिसांनी पकडलं तर पुढे काय? व्हिडीओ फॉरवर्ड करण्याआधी वाचा

रत्नागिरी : गेल्या वर्षी आंब्याच्या फवारणीच्या दिवसांत आमच्या शेजारच्या वाडीत पंपाची केबल कापताना तीन पोरं सापडली. दोघं विशी ओलांडलेली, तिसरा अकरावीतला. लोकांनी तिघांना बसवून ठेवलं, थोबाडीत दिल्या आणि व्हिडीओ काढला. अर्ध्या तासात तो पाच ग्रुपवर फिरला. मीही पुढे पाठवला, हे कबूल करतो. महिनाभर आधी माझ्या बागेतली केबल गेली होती, त्याचा राग होता.

दोन दिवसांनी त्या अकरावीतल्या पोराची आई दारात आली. "भाऊ, तुम्ही बातम्या देता ना? पोराला आता जेल होणार काय?" मला धड सांगता आलं नाही. नंतर वकिलांना विचारून, कायदा वाचून जे समजलं ते इथे देतोय.

पहिली गोष्ट, जेल नाही. 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो की 18 वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचंच नाही. बेडी घालायची नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं आणि आईबापांना लगेच कळवायचं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्या दोघांत एक तरी बाई हवीच. कागदावर त्या मुलाला आरोपी म्हणत नाहीत, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. शब्द जड आहे, पण कायद्याची नजर त्यातून कळते.

जामीन हा नियम आहे. तो नाकारायचा तर कारण लागतं: बाहेर पडून मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्यालाच धोका होईल किंवा न्यायाला बाधा येईल. जामीन नाही मिळाला तर निरीक्षणगृहात ठेवतात. आपल्याकडची जुनी माणसं अजून त्याला रिमांड होमच म्हणतात.

इथे सगळा खेळ वयाचा. वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात. ते नसेल तर ग्रामपंचायत, नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. कायद्याच्या या यादीत आधार कार्ड नाही. आपल्या गावांत निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जूनला येतो, कारण गुरुजींनी शाळेत तीच तारीख टाकली. दोन-चार महिन्यांच्या फरकावर पोर मंडळापुढे जाणार की मोठ्यांच्या कोर्टात, हे ठरू शकतं. दाखले आजच काढून बघा.

"म्हणजे पोरांना मोकळं रान," असं पारावर हमखास ऐकू येतं. पुण्यातलं कल्याणीनगर सगळ्यांना आठवतं. 19 मे 2024 च्या पहाटे 17 वर्षांच्या मुलाच्या महागड्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले आणि त्याच दिवशी त्याला 300 शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला. लोक भडकले, तीन दिवसांत मंडळाने त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. 25 जूनला उच्च न्यायालयाने त्याला सोडायला सांगितलं. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. माझंही रक्त तेव्हा तापलं होतं. पण त्या एका घटनेवरून आपल्या वाडीतल्या केबलचोराचा हिशोब करायचा, हे मला पटत नाही.

प्रौढ म्हणून खटल्याची सोय कायद्यात आहे. 2012 च्या दिल्लीतल्या प्रकरणात एक जण अल्पवयीन होता, त्याला तीन वर्षंच झाली. त्यानंतर 2015 मध्ये हा बदल आला. मुलगा 16 ते 18 मधला आणि गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा असेल, तर मंडळ आधी त्याची समज तपासतं आणि मग ठरवतं. साधी चोरी त्यात बसत नाही. अशा किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत, वाढवून सहा महिन्यांत संपली नाही तर ती बंदच होते. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी ठेवणं, आणि अगदीच झालं तर विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं, असे पर्याय मंडळापुढे असतात.

बापांसाठी एक वेगळं. शिमग्याला, गणपतीला नववीतल्या पोराच्या हातात गाडीची चावी देता ना? 2019 पासून त्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

आता व्हिडीओ. अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा, गाव, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला कलम 74 ने बंदी आहे. पेपर, टीव्हीच नाही, कोणतंही माध्यम, म्हणजे आपला ग्रुपही आला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे वाचलं तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला.

या बंदीमागे कारण आहे. प्रकरण संपलं की चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर नोंदच नष्ट करायची. प्रौढ म्हणून दोषी ठरलेल्याला ही सवलत नाही, पण बाकीच्यांना नोकरीत अडचण येऊ नये हा हेतू. आपली पोरं भरतीला जातात, बोटीवर जातात, तिथे हा दाखला लागतो.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, फोन 15100. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098.

परवा बाजारात त्या पोराची आई भेटली. मंडळाने समज देऊन त्याला सोडलं, आता तो बारावीला आहे. "पोलिसांचं मिटलं हो भाऊ, पण पोरं वर्गात अजून व्हिडीओ दाखवतात," म्हणाली. घरी येऊन मी पाचही ॲडमिनना फोन लावले. तिघांनी काढून टाकला. एकाने "बघू" म्हटलं, एकाने फोन उचलला नाही.