दोन मुक्कामांच्या मधला दिवस

सुट्ट्या लागल्या की आमच्या देऊळघाटच्या दवाखान्यात परगावचे रुग्ण दिसू लागतात. बुलढाण्याहून धाडकडे जाणारा रस्ता गावावरून जातो आणि शेगावचे दर्शन आटोपून अजिंठा-वेरूळला निघालेली पुष्कळ कुटुंबे हाच रस्ता धरतात. गाडीत कुणाला बरे वाटेनासे झाले की पानटपरीवर विचारत विचारत मंडळी आमच्याकडे येतात. अशा रुग्णाचे नाव-गाव लिहून घेताना मी एक प्रश्न हमखास विचारतो, "सकाळपासून पोटात काय गेले?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते, "मुक्कामावर पोचल्यावर जेवणार होतो, डॉक्टरसाहेब."

वाचकहो, आठ-दहा दिवसांच्या सहलीचा कार्यक्रम आपण कसा आखतो ते आठवून पाहा. आज शेगाव, उद्या वेरूळ, परवा शिर्डी. कोणत्या गावी कुठे उतरायचे, दर्शनाची रांग कधी लावायची, सगळे वहीत लिहिलेले असते. पण शेगाव आणि वेरूळ यांच्या मधला जो दिवस, त्याला वहीत जागा नसते. तो दिवस म्हणजे नुसता रस्ता, गाडीत बसले की संपला, अशी आपली समजूत. माझ्या पाहण्यात मात्र सहलीतले आजारपण उद्भवते ते बहुधा याच दिवशी.

शेगावहून आषाढीसाठी पंढरपूरला जी पायी पालखी जाते तिची व्यवस्था पाहा. दुपारचा विसावा कोणत्या गावी आणि रात्रीचा मुक्काम कोणत्या गावी, हे आधीपासून ठरलेले. चालणाऱ्याला विसावा लागतो हे आपल्याला पटते. बसून जाणाऱ्यालाही तो लागतो, हे काही पटत नाही.

त्यात घाईची कारणेही पक्की असतात. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद, वेरूळची मंगळवारी बंद. म्हणजे रविवारी शेगावहून निघालेल्या माणसाला अजिंठा त्याच दिवशी गाठला पाहिजे, नाही तर हुकलाच. मग पहाटे साडेतीनला उठणे, थंड पाण्याची आंघोळ, दर्शन, की लगेच गाडीत. न्याहारी राहते, पाणी राहते. गोळ्या मात्र राहत नाहीत, कारण त्या देणारी सूनबाई घरात दक्ष असते. नेमकी येथेच एक गोम आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. सांगलीकडचे एक कुटुंब, जीपमध्ये लहानथोर नऊ माणसे, सहलीचा आठवा दिवस. तुळजापूर, औंढा नागनाथ, माहूर करीत शेगावला आलेले. रविवार होता. आठ वर्षांच्या मुलाला उलट्या होत होत्या म्हणून त्यांनी गाडी आमच्या दारात थांबविली. मुलाने शेगावला दोन कचोऱ्या खाल्ल्या होत्या आणि पाठोपाठ खामगाव-बुलढाणा रस्त्यावरचा बोथ्याचा घाट लागला होता. त्याचे निदान करायला डॉक्टरची गरजच नव्हती. जाता जाता मी सवयीने विचारले, "बाकी सगळे ठीक?" सूनबाई म्हणाल्या, "सासूबाईंनाही गाडी लागलीय. मळमळतंय म्हणाल्या, म्हणून एव्होमिनची गोळी दिली. आता झोपल्यात."

गाडीजवळ जाऊन पाहिले. पासष्ट-सत्तरीच्या आजी खिडकीला डोके टेकून बसलेल्या. पदर घामाने ओलाचिंब, हात गार, आणि हाक मारली तर डोळे अर्धवट उघडून भलतेच काही तरी पुटपुटत होत्या. बोटातून रक्ताचा थेंब काढून यंत्रावर साखर पाहिली. ४१.

आजींना दहा-बारा वर्षांचा मधुमेह. रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी, नंतर न्याहारी. त्या दिवशी गोळी पहाटे वेळेवर घेतली होती. पण दर्शनाआधी खायचे नाही हा त्यांचा नेम. दर्शनानंतर प्रसादाचा कण तेवढा तोंडात टाकला, महाप्रसादाला थांबायला वेळ नाही म्हणून गाडीत बसल्या. घाटात मुलगा ओकू लागला त्याच सुमारास त्याही मळमळते म्हणाल्या. सगळ्यांना वाटले, दोघांनाही गाडी लागली.

शिरेतून ग्लुकोज दिल्यावर पाच-सात मिनिटांत आजी उठून बसल्या आणि "माझी पिशवी कुठाय?" असे विचारू लागल्या. घरच्यांना हायसे वाटले. चिरंजीव म्हणाले, "झालं ना डॉक्टर, मग निघतो आम्ही. तीनपर्यंत अजिंठा गाठतो." खरी वादावादी येथून सुरू झाली. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा अंमल पाच मिनिटांत सरत नाही. ग्लुकोजने वर आलेली साखर तासा-दोन तासांत पुन्हा खाली येऊ शकते, आणि म्हाताऱ्या माणसाचे मूत्रपिंड थोडे मंदावलेले असेल तर हा धोका पुढचे चोवीस तास राहतो. मी त्यांना सांगितले, पुढचा रस्ता नको, मागे बुलढाण्याला जाऊन आजींना एक रात्र दवाखान्यात ठेवा. लॉजचे पैसे भरलेत, मुलांचा हिरमोड होईल, असे बरेच बोलणे झाले. शेवटी आजींच्या धाकट्या जावयाने गाडी वळवायला लावली. संध्याकाळी बुलढाण्यात साखर पुन्हा ५८ वर आली होती, असे दुसऱ्या दिवशी फोनवर कळले. त्या वेळी ही गाडी अजिंठा-वेरूळच्या मध्ये कुठे तरी असती आणि आजी पुन्हा "झोपलेल्या" असत्या.

तेव्हा गाडी लागणे आणि साखर उतरणे यांतला फरक प्रत्येक घरात ठाऊक हवा. मळमळ दोन्हींत होते, घाम दोन्हींत येतो. पण गाडी लागलेला माणूस गाडी थांबवून सावलीत बसविला की थोड्या वेळाने सुधारतो, आणि तो बोलतो बरोबर. साखर उतरलेल्याचे हात थरथरतात, छातीत धडधडते, भूक लागते. पुढे बोलणे अडखळते, चिडचिड होते, माणसे ओळखण्यात गल्लत होते आणि मग गुंगी येते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड व थरथर झाकली जाते, घाम मात्र झाकला जात नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारा माणूस प्रवासात घामाघूम होऊन गप्प झाला, तर गाडी लागली हा शब्दच काढू नये. यंत्र असेल तर साखर पाहावी. ७० च्या खाली म्हणजे उतरली. यंत्र नसेल तर उतरली असे धरूनच चालावे.

उपाय गाडीतच असतो. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटे थांबावे, सुधारणा नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी, आणि बरे वाटले की लगेच पोळी किंवा बिस्किटे खायला घालावीत. साखर तेवढ्यापुरतीच पुरते. बिनसाखरेचा चहा या वेळी काही कामाचा नाही. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. पुष्कळदा नातेवाईक घाबरून बेशुद्धाच्या तोंडात साखरपाणी ओततात. ते श्वासनलिकेत जाते आणि एकाचे दोन आजार होतात.

आता प्रश्न असा की गोळी घ्यायची की नाही? सगळ्या गोळ्यांना एक नियम लावता येत नाही. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा अशी कोसळत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या आणि इन्सुलिन यांची गाठ मात्र जेवणाशी बांधलेली असते. न्याहारी दहाला होणार असेल तर ती गोळी पहाटे चारला घेण्यात अर्थ नाही. रक्तदाबाच्या गोळीचे तसे नाही, ती घोटभर पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्यावी. सहलीला निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडे औषधांची पिशवी घेऊन जा आणि "यातली उपाशीपोटी कोणती नको?" एवढे विचारून त्या पाकिटावर पेनाने खूण करून आणा. पाच मिनिटांचे काम आहे.

मुलाच्या उलट्यांबद्दलही दोन शब्द. शरीर डुलते आहे असे कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, आणि डोळे पुस्तकात किंवा मोबाईलमध्ये असल्याने सगळे स्थिर आहे असे सांगतात. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. म्हणून घाटात मोबाईल काढून घ्यावा, मुलाला लांबवर समोर पाहायला लावावे, काच थोडी खाली करावी. निघण्यापूर्वी तेलकट नको, तसेच अगदी रिकामे पोटही नको. साधी पोळी किंवा केळे पुरे. (शेगावची कचोरी मलाही आवडते. पण ती घाट संपल्यावर!) एव्होमिनची गोळी घ्यायची तर तासभर आधी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग थोडा. दोन वर्षांखालील मुलाला ती देऊ नये, आणि गाडी चालविणाऱ्याने तर मुळीच घेऊ नये, कारण तिने झोप येते.

झोपेवरून आठवले. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खाजगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्या अपघाताच्या कारणांचा काथ्याकूट पुष्कळ झाला, त्यात मी शिरत नाही. पण मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि जेवणानंतर दुपारी दोन ते चार, या वेळांत शरीर आपणहून झोप मागते, हे शरीरशास्त्र आहे. पहाटे साडेतीनला सगळ्यांबरोबर उठलेला ड्रायव्हर दुपारी तीनला कसा असेल, याचा विचार मागे बसून पत्ते खेळणाऱ्यांनी करायचा आहे. चहा पाजून झोप जात नाही. वीस मिनिटे गाडी झाडाखाली लावून त्याला आडवे होऊ द्या.

एका गोष्टीवर कुणी उघडपणे बोलत नाही, म्हणून मी बोलतो. प्रवासात बायका पाणी पीत नाहीत. रस्त्यात सोय नसते, असली तर आत जाववत नाही, आणि गाडी थांबवा म्हणायचा संकोच वाटतो. म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर दिवस काढतात. संध्याकाळी डोके दुखते, पायात गोळे येतात, दोन दिवसांनी लघवीला जळजळ आणि थंडीताप. लघवी जास्त होणारी रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या कित्येक बाया सहलीत ती गोळी गुपचूप बंद ठेवतात, आणि पाचव्या दिवशी पायावर सूज घेऊन किंवा धाप लागून येतात. यावर औषध माझ्याकडे नाही, ते घरच्या कर्त्या माणसाकडे आहे. दर दोन तासांनी, कुणी मागितले नसताना, गाडी बऱ्यापैकी पेट्रोलपंपावर थांबवावी आणि "सगळ्यांनी उतरा" म्हणावे. एकटीसाठी गाडी थांबली असे कुणाला वाटत नाही. याच थांब्यावर पाय मोकळे होतात, हेही लहान काम नाही. चार-पाच तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटरीतल्या शिरांत रक्त साकळून गाठ होण्याचा धोका असतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर ती चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

उलट्या-जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे मिश्रण घोट घोट पाजत राहावे. तयार पुडी असेल तर उत्तम, पण पुडीवर लिहिलेले पाण्याचे माप पाळावे. अर्ध्या ग्लासात अख्खी पुडी टाकून पाजणारे मी रोज पाहतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी बाटली गाडीच्या काचेजवळ किंवा डिकीत ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीत ती तापते आणि औषध निकामी होते. बर्फालाही भिडवू नये, गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. बाटली लहान डब्यात घालून त्याला ओले फडके गुंडाळावे आणि डबा पायाशी सावलीत ठेवावा. फडके वाळले की पुन्हा भिजवावे, हे काम नातवंडांपैकी एकाकडे सोपवले तर ते आवडीने करते.