लघवींतील प्रथिन आणि कुटुंबाचें आरोग्य

कांहीं विषय असे आहेत कीं, ते चारचौघांत काढणें आपल्या घरांतून अप्रशस्त मानलें जातें. लघवीची परीक्षा हा त्यांपैकींच एक होय. नांदेड किंवा लातूर येथील एखाद्या प्रयोगशाळेच्या दारांत सकाळीं घटकाभर उभें राहावें, म्हणजे याची साक्ष पटते. रक्त द्यावयाचें असलें तर मंडळी बाही वर सारून खुशाल पुढें होतात. परंतु नमुन्याची लहानशी डबी हातांत आली कीं तीच मंडळी ओशाळतात, डबी पदराआड किंवा पिशवींत लपवितात, आणि "रक्त दिलें आहे, तेवढें पुरे" असें म्हणून पुष्कळदां ती रिकामीच परत करितात. या संकोचाची किंमत शरीराच्या कोणत्या भागास द्यावी लागते, व ती टाळण्याचा मार्ग किती सोपा आहे, हें आज वाचकांपुढें मांडावें असा आमचा हेतु आहे.

आपल्या पूर्वजांस हा संकोच नव्हता. आयुर्वेदाच्या ग्रंथांत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिलेले असून, ज्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात त्याची गणना मधुमेहाच्या रोग्यांत करावी, इतकें बारकाईचें निरीक्षण त्यांत आढळतें. योगरत्नाकरांत रोग्याची जी अष्टविध परीक्षा सांगितली आहे, तींत नाडीच्या पाठोपाठ मूत्राचेंच नांव येतें. मूत्रावर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो, तें वैद्य पाहात असत. त्या थेंबावरून मूत्रपिंडांची स्थिति कळत नाहीं, हें खरें. तथापि मूत्र हा शरीराच्या आंतल्या कारभाराचा जमाखर्च आहे, ही दृष्टि त्या वैद्यांस होती, आणि ती आपण सोडतां कामा नये.

आतां हा कारभार कसा चालतो तें पाहूं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस मुठीएवढीं दोन मूत्रपिंडें असतात. प्रत्येकांत सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या असून, दोहोंतून मिळून दिवसाकांठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांतला बहुतेक भाग पुन्हां रक्तांत घेतला जातो, आणि उरलेला दीड-दोन लिटर लघवीच्या रूपानें बाहेर पडतो. रक्तांत अल्ब्युमिन नांवाचें एक प्रथिन आहे. रक्तवाहिन्यांतलें पाणी आंत धरून ठेवण्याचें काम तें करितें. निरोगी गाळणी या प्रथिनास बाहेर जाऊं देत नाहीं. स्वयंपाकघरांतील पिठाची चाळणी कोठें तरी उसवली म्हणजे कोंडा पिठांत उतरूं लागतो, तसेंच येथें होतें. गाळणी बिघडली कीं अल्ब्युमिन लघवींत उतरूं लागतें.

चाळणी उसवली तर गृहिणीला ती डोळ्यांनीं दिसते; मूत्रपिंडाची गाळणी उसवली तर मात्र दुखत नाहीं, खुपत नाहीं, कीं ताप येत नाहीं. रक्तांतील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याचें प्रमाण बहुधा तेव्हां वाढलेलें दिसतें, जेव्हां मूत्रपिंडांची निम्मी शक्ति आधींच खर्चीं पडलेली असते. पायांवर सूज, धाप, अन्नावरची वासना जाणें, हीं लक्षणें तर बहुधा त्याहूनही पुढचीं. म्हणून मधुमेहाच्या रोग्यांत लघवींतलें प्रथिन हीच पुष्कळदां पहिली सूचना ठरते. "रक्त दिलें आहे, तेवढें पुरे" ही समजूत चुकीची कां, तें यावरून ध्यानीं येईल.

या सूचनेचा अर्थ लागण्यास बराच काळ जावा लागला. लघवी तापविली असतां तींत कांहीं पदार्थ गोठतो, हें इटलींतील कोतुन्यो या वैद्यानें अठराव्या शतकांत नमूद केलें होतें. पुढें १८२७ सालीं लंडनच्या गाइज् रुग्णालयांतील डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनीं अंगावर सूज, गोठणारी लघवी आणि मृत्यूनंतर आढळणारीं बिघडलेलीं मूत्रपिंडें या तिहींची सांगड घातली. त्यांचें साधन काय, तर एक चमचा आणि मेणबत्तीची ज्योत! चमच्यांत लघवी तापवावयाची आणि ती गढूळ होते कीं नाहीं तें पाहावयाचें. हीच परीक्षा पुढें अनेक वर्षें चालू राहिली. परीक्षानळीचा वरचा भाग तापवीत व गढूळपणा आल्यास त्यांत सौम्य ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकीत. गढूळपणा विरला तर तो फॉस्फेट क्षारांचा, आणि राहिला तर प्रथिनाचा.

हल्लीं ज्योतीच्या जागीं रंगीत पट्टी आली आहे. तिच्यावरील पिवळा रंग प्रथिनाच्या संयोगानें हिरवट होतो, आणि हिरवेपणाच्या मानानें 'किंचित्', 'एक अधिक', 'दोन अधिक' अशी नोंद करितात. पट्टी स्वस्त आहे व क्षणांत उत्तर देते. परंतु तिच्यांत दोन उणिवा आहेत. पहिली ही कीं, लिटरमागें सुमारें दीडशें ते तीनशें मिलिग्रॅम अल्ब्युमिन असल्यावांचून ती स्पष्ट रंग दाखवीत नाहीं. मधुमेहांतील प्रारंभींची गळती याहून पुष्कळ कमी असते. १९६३ सालीं त्याच गाइज् रुग्णालयांतील डॉक्टर हॅरी कीन व त्यांचे सहकारी यांनीं ही अत्यल्प गळती मोजण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि पट्टीला न दिसणारें अल्ब्युमिन हें पुढील संकटाचें पूर्वचिन्ह आहे, असें पुढें १९८२ सालीं दिसून आलें. आजच्या प्रयोगशाळेंत अल्ब्युमिनास चिकटणारीं प्रतिद्रव्यें नमुन्यांत मिसळतात. त्यामुळें जो गढूळपणा येतो त्यांतून प्रकाश सोडून यंत्र त्याचें प्रमाण मोजतें. तत्त्व पाहूं गेलें तर ब्राइट यांच्या चमच्यांतलेंच. गढूळपणा पाहण्याचा डोळा तेवढा सूक्ष्म झाला आहे.

पट्टीची दुसरी उणीव मराठवाड्याच्या लोकांनीं विशेष ध्यानांत घ्यावयास हवी. पट्टीला लघवी दाट कीं पातळ हें कळत नाहीं. लातूरकरांस एप्रिल २०१६ आठवत असेल. शहराचें पाणी आटलें, तेव्हां मिरजेहून सुमारें साडेतीनशें किलोमीटर अंतर तोडून पाण्याची आगगाडी आली. पहिल्या खेपेस तिनें पांच लाख लिटर पाणी आणलें. अशा दिवसांत, आणि दरवर्षींच्या वैशाखवणव्यांतही, माणूस पाणी कमी पितो व घाम फार गाळतो. लघवी थोडी व दाट होते. निरोगी माणसाच्या अशा लघवींतही पट्टी 'किंचित्' दाखवूं शकते. उलट भरपूर पाणी पिणाऱ्याच्या पातळ लघवींत खरी गळतीही लपून जाते.

यावर जुना उपाय म्हणजे चोवीस तासांची सर्व लघवी सांठवून मोजणें. दिवसास दीडशें मिलिग्रॅमहून अधिक प्रथिन जाणें हें अस्वाभाविक होय. उपाय अचूक खरा. पण आठ-दहा माणसांच्या घरांत दिवसभर ती बरणी ठेवावयाची कोठें, हा प्रश्न सुनेला सासूसमोर उच्चारतांही येत नाहीं. एक वेळ विसरली कीं सारा हिशेब चुकतो. या अडचणींतून क्रिएटिनिननेंच वाट दाखविली. हें द्रव्य स्नायूंपासून तयार होतें व एका व्यक्तीच्या लघवींत रोज जवळजवळ सारख्याच प्रमाणांत पडतें. तेव्हां अल्ब्युमिन किती, एवढेंच न विचारतां, एक ग्रॅम क्रिएटिनिनमागें अल्ब्युमिन किती, असें विचारलें म्हणजे पाण्याचा कमीअधिकपणा हिशेबांतून आपोआप वजा होतो. एकाच वेळच्या नमुन्यांतील प्रथिन व क्रिएटिनिन यांचें हें गुणोत्तर चोवीस तासांच्या मोजणीशीं चांगलें जुळतें, असें १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें.

उदाहरणानें हें स्पष्ट होईल. समजा, एका घरांतील सासरे भर उन्हाळ्यांत प्रवास करून आले आहेत व पाणी फार थोडें प्यालेले आहेत. त्यांच्या लघवींत लिटरमागें ४० मिलिग्रॅम अल्ब्युमिन आणि २ ग्रॅम क्रिएटिनिन निघालें. त्याच घरांतील मधुमेह असलेल्या सूनबाई पाणी पुष्कळ पितात. त्यांच्या नमुन्यांत लिटरमागें २० मिलिग्रॅम अल्ब्युमिन आणि ०.४ ग्रॅम क्रिएटिनिन. नुसतें अल्ब्युमिन पाहिलें तर घर सासऱ्यांची काळजी करील आणि सूनबाईंस स्वस्थ राहा म्हणेल. परंतु भागाकार करून पाहा. सासऱ्यांचें गुणोत्तर येतें २०, सूनबाईंचें येतें ५०. साधारणतः ३० च्या खालचा आंकडा निरोगी, ३० ते ३०० मध्यम वाढ, आणि ३०० च्या वर मोठी वाढ समजतात. ज्यांची काळजी करावयाची त्या सूनबाई होत! आणि पट्टीनें तर दोघांनाही बहुधा निर्दोष ठरविलें असतें.

हें उदाहरण आम्हीं सहज घेतलेलें नाहीं. एकत्र कुटुंबांत कर्त्या पुरुषाची साखर वेळच्या वेळीं तपासली जाते. स्त्रियांची परीक्षा मात्र सर्वांचें झाल्यावर, म्हणजे पुष्कळदां कधींच होत नाहीं. ज्यांस मधुमेह किंवा रक्तदाबाचा विकार आहे, अशा प्रत्येकाची, मग तो पुरुष असो वा स्त्री, वर्षांतून एकदां तरी ही तपासणी व्हावी. घराण्यांत कोणाचीं मूत्रपिंडें निकामी झालीं असल्यास इतरांनींही डॉक्टरांस विचारावें. सातव्या महिन्यांत डोहाळजेवणाची हौस आपण करितों. त्याच सुमारास सुनेचा रक्तदाब व लघवी तपासली आहे ना, हेंही घरच्या वडील बायकांनीं विचारावें. गरोदरपणाच्या वीस आठवड्यांनंतर रक्तदाब चढून लघवींत प्रथिन जाऊं लागणें हें माता व बालक या दोघांच्याही जिवाला धोक्याचें असतें. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज हीं चिन्हें दिसतांच तिला त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. तसेंच लहान मुलाच्या पापण्या सकाळीं सुजलेल्या दिसल्या व लघवीवर डाळीच्या आधणासारखा न विरणारा फेस आला, तर दृष्ट काढीत बसूं नये. मुलांतील हा विकार वेळीं उपचार केल्यास बहुधा आटोक्यांत येतो.

नमुना शक्यतों पहाटेच्या पहिल्या लघवीचा द्यावा, व धारेचा प्रारंभीचा भाग सोडून मधला घ्यावा. ताप असतां, फार श्रमाचा व्यायाम केल्यावर, लघवीस जळजळ होत असतां, किंवा स्त्रियांनीं मासिक पाळींत, नमुना देऊं नये. तेव्हांचा आंकडा फसवा असतो. वृद्ध व कृश माणसाचे स्नायू थोडे, म्हणून क्रिएटिनिनही थोडें, आणि गुणोत्तर फुगलेलें दिसूं शकतें. अहवालांत 'अल्ब्युमिन' लिहिलें आहे कीं 'एकूण प्रथिन', हेंही पाहावें. दोहोंच्या मर्यादा निराळ्या आहेत. मुख्य गोष्ट ही कीं, एका आंकड्यानें घाबरूं नये. तीन महिन्यांत तीन वेळां तपासून दोन वेळां वाढ दिसली, तरच ती खरी मानण्याचा प्रघात आहे.

आणि ती खरी निघाली तरी हातपाय गाळण्याचें कारण नाहीं. रक्तदाब उतरविणाऱ्या औषधांतील एक वर्ग मूत्रपिंडांच्या गाळणीवरील भारही कमी करितो. मधुमेहाच्या रोग्यांत त्यानें मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावतो, असें १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत दिसलें. त्यानंतर आणखी नवीं औषधेंही आलीं आहेत. साखर व रक्तदाब आवरणें, मीठ बेतानें खाणें, गुडघेदुखीसाठीं दुकानांतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि अनोळखी भस्में वर्ज्य करणें, हें पथ्य घराच्याच हातीं आहे. पापड-लोणच्याची बरणी हातभर दूर सारली तरी निम्मे काम होतें.

याउलट सूचना न ऐकल्यास शेवटीं यंत्रावर रक्त शुद्ध करून घेण्याची पाळी येते. आठवड्यांतून दोन-तीन खेपा, दर खेपेस सुमारें चार तास. नांदेडास १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातुरासही तसेंच आहे, आणि सरकारी योजनांतून या उपचारास साह्यही मिळतें. परंतु किनवटाकडील रोग्यास नांदेड गांठण्यासाठीं शंभर किलोमीटरांहून अधिक वाट तुडवावी लागते, आणि त्याच्याबरोबर घरांतील एक कमावता माणूस दर खेपेस अडकतो. त्यापुढें एका डबीचा संकोच तो केवढा!

मार्च महिन्याचा दुसरा गुरुवार हा जगांत मूत्रपिंड-दिन म्हणून पाळतात, आणि आपला पाडवाही त्याच सुमारास येतो. पाडव्यास कडुनिंबाचा पाला सारें घर तोंड वांकडें करीत, पण न चुकतां खातें. त्याच आठवड्यांत घरांतील ज्यांस जरूर आहे त्या सर्वांचे नमुने प्रयोगशाळेंत जावे, आणि त्या यादींत पहिलें नांव, आजवर जिचें नांव सर्वांत शेवटीं येत होतें तिचें असावें, एवढीच आमची विनंति आहे.