दरवेळी मूळव्याधच असते का?

परसाकडे रक्त पडले की आपल्याकडे निदान ठरलेले असते : मूळव्याध! मग आठवडे बाजारातली जडीबुटी, ताकातले चूर्ण, शेजारणीचा उपाय, यात सहा-सहा महिने जातात. माय-बहिणी तर घरातही बोलत नाहीत. पुष्कळदा मूळव्याधच असते हे खरे. परंतु मोठ्या आतड्यातील व्रण, क्षयरोग व कर्करोग यांतही रक्त पडू शकते.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब. उजव्या कुशीत सुरू होऊन ते वर यकृताखाली, तेथून आडवे डावीकडे, मग खाली गुदद्वारापर्यंत जाते. साध्या एक्स-रेत त्याचे आतले अस्तर दिसत नाही. म्हणून पूर्वी गुदद्वारातून बेरियमचे पांढरे द्रावण सोडून फोटो काढीत. निरोगी आतडे फुगवट्यांच्या माळेसारखे दिसते. व्रणाचा दाह जुना झाला की फुगवटे नाहीसे होऊन सरळ नळासारखे दिसू लागते. कर्करोगाची गाठ चारी बाजूंनी वाढली की मार्ग मधेच अरुंद होतो, दोन्हीकडून खाल्लेल्या सफरचंदाच्या गाभ्यासारखा! क्षयरोगात उजवीकडचा सुरुवातीचा भाग आकसून वर ओढला जातो.

पण फोटो फसवतोही. आपल्या देशात क्षयरोग आणि क्रोन नावाचा दाह यांची चित्रे इतकी सारखी की अनुभवी डॉक्टरही थबकतात. क्रोनवर दिले जाणारे स्टिरॉइड क्षयरोग्याला घातक ठरू शकते. आमांशाच्या जंतूंमुळे झालेली गाठही कर्करोगासारखी दिसते. म्हणून दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने, तुकडा काढून तपासणे टळत नाही. आता बेरियमची जागा बहुतेक ठिकाणी सी.टी. स्कॅन व दुर्बिणीने घेतली आहे.

शिरूर-दौंडकडे एक समज पक्का : सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे पोट साफ निर्दोष. असे नाही! आतड्यातील हवेमुळे सोनोग्राफीला आतले नीट दिसत नाही; लहान गाठ सहज निसटते. शंका राहिली तर पुढची तपासणी मागून घ्यावी.

खेड्यापाड्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग शहरांपेक्षा कमी आढळतो. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंद ठेवली जाते. कमी म्हणजे नाहीच, असा अर्थ मात्र काढू नये.

पोट एकदम फुगले, वारा व परसाकडे दोन्ही बंद झाले, उलट्या लागल्या, तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. साध्या एक्स-रेतही तो बहुधा कॉफीच्या मोठ्या बीसारखा दिसतो. तेथे एक रात्रही थांबू नये.

पुण्याला ससून रुग्णालयात जायचे तर शिरूरहून एस.टी., दौंडहून रेल्वे. दुर्बिणीआधी आतडे रिकामे करण्याचे औषध घ्यावे लागते. वाटेत पंचाईत होते, म्हणून शक्यतो आदल्या दिवशीच पुण्यातील नातेवाइकांकडे मुक्काम करावा. गुंगीचे इंजेक्शन देतात, तेव्हा सोबत माणूस हवाच. जुने फोटो व रिपोर्ट पिशवीत घ्यावेत, शिधापत्रिका आणि आधार कार्डही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी दवाखान्यातील समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी करावी.