खांद्यावरची बोटभर पोकळी

माझी बहीण ह्यूस्टनच्या उपनगरात राहते. तिच्या गॅरेजमध्ये भाच्याचा लहान झालेला शोल्डर पॅड धूळ खात पडला होता. तो कचऱ्यात जाण्याआधी मी मागून घेतला, मागच्या अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि कटर घेऊन कापायला बसले. गेली पंधरा-सोळा वर्षं मी अमेरिकन फुटबॉल बघते आहे, आणि स्कोअरपेक्षा माझं लक्ष त्या रुंद खांद्यांकडेच जास्त असतं. शंभर किलोचा माणूस धावत येऊन तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या माणसावर आदळतो. दोघेही उठतात, जर्सी झटकतात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात. हे त्यांना झेपतं कसं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

वरचं प्लास्टिक अंघोळीच्या बादलीपेक्षा थोडंसंच जाड निघालं. त्याखाली काळ्या नायलॉनच्या उशा होत्या. एक उशी मुठीत दाबून पातं लावलं, तर फुस्स करून हवा सुटली आणि भांडी घासायच्या स्पंजसारखा मऊ, छिद्राछिद्रांचा फोम बाहेर डोकावला. मग खांद्याच्या अगदी टोकाशी, वरच्या कवचाखाली, कमानीसारखी वाकवलेली एक कडक पट्टी दिसली. तिच्याखाली बोट घातलं. ते आरपार गेलं. सगळ्यात जास्त मार जिथे बसतो, नेमकं तिथेच काही भरलेलं नव्हतं.

भाचा मागे येऊन उभा राहिला होता. "मावशी, तीच तर मेन गोष्ट आहे," तो म्हणाला. "ती गॅप गेली की पॅड गेला."

त्या बोटभर जागेचा माग काढताना जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

आपल्या खांद्याचं टोक चाचपून बघा. गळ्यापासून निघालेलं कॉलर बोन बाहेरच्या बाजूला संपतं, तिथे ते पाठीच्या फऱ्याच्या एका उंचवट्याला भिडतं. त्या सांध्यावर मांस जवळजवळ नाहीच. कातडीखाली लगेच हाड लागतं. खांद्यावर पडलेला माणूस जायबंदी होतो तो अनेकदा इथे. थोड्याच अंतरावर मानेकडे, छातीवर आणि पाठीवर मात्र स्नायूंचे जाड थर आहेत. आपल्याकडे पालखीचे भोई दांडा खांद्याच्या टोकावर घेत नाहीत, मानेलगतच्या मांसल भागावर घेतात. पॅड घडवणाऱ्यांनी हेच शहाणपण प्लास्टिकमध्ये उतरवलं. टोकावर आलेला मार कमानीनं उचलायचा आणि छाती-पाठीच्या रुंद भागावर नेऊन सोडायचा. बाल्कनी जशी खाली खांब नसताना भिंतीच्या जोरावर बाहेर येते, तशी ही पट्टी सांध्यावरून अधांतरी जाते, म्हणून तिला कॅन्टिलिव्हर म्हणतात. समोरासमोर धडकणाऱ्या लाइनमनच्या पॅडमध्ये ती असतेच. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला आणि उडी मारून झेलणाऱ्या रिसीव्हरला हात डोक्यावर न्यावा लागतो, म्हणून त्यांचे पॅड चपटे, हलके आणि कमी आडोशाचे असतात. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त मोकळीक हवी, त्याच्या अंगावर सर्वांत कमी चिलखत.

सुरुवातीचा इतिहास भराभर सांगून टाकते. प्रिन्स्टनच्या एल. पी. स्मॉक नावाच्या विद्यार्थ्यानं १८७७ च्या सुमाराला कॅनव्हासचं घट्ट जाकीट काढलं. पहिल्या खांदापट्ट्यांचं श्रेयही बहुतेक त्यालाच दिलं जातं. जाकिटाचा हेतू संरक्षणाचा नव्हता, प्रतिस्पर्ध्याच्या हातात कापड सापडू नये हा होता. पुढे लोकरीचा नमदा आणि चामडं जर्सीत शिवण्याची पद्धत आली. कापसाऐवजी फायबरचे पॅड आणण्याचं श्रेय ग्लेन 'पॉप' वॉर्नर या प्रशिक्षकाला देतात. १९०५ च्या एका हंगामात किमान १८ मुलं या खेळात मेली; त्याच हंगामात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. नियम बदलले, चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली, खेळ जगला. चामड्याची जागा प्लास्टिकनं घेतली आणि पॅड दशकागणिक फुगत गेले. पण या सगळ्या काळात मूळ समजूत एकच राहिली, की वस्तू जितकी जाड आणि कडक, तितकी सुरक्षित. ती समजूत मोडणारा जो माणूस मला या शोधात भेटला, त्याचं नाव आज फुटबॉलवेड्या टेक्ससमध्येही फारसं कुणाच्या ओठावर नाही.

त्याचं नाव बायरन डॉन्झिस. ह्यूस्टनचा संशोधक.

१९७८ चा हंगाम संपत आला होता. ह्यूस्टन ऑयलर्सचा क्वार्टरबॅक डॅन पास्तोरिनी बरगड्या मोडून इस्पितळात पडला होता. प्लेऑफचे सामने तोंडावर. क्वार्टरबॅकचं काम असं की चेंडू फेकताना त्याचा हात वर जातो आणि नेमक्या त्या क्षणी बरगड्या उघड्या पडतात. अशा वेळी डॉन्झिस एका सोबत्याला घेऊन त्याच्या खोलीत शिरला. सोबत्याच्या हातात बेसबॉलची बॅट होती. ओळखपाळख होण्याआधीच सोबत्यानं बॅट उगारून डॉन्झिसच्या बरगड्यांवर जोरात हाणली. डॉन्झिस जागचा हलला नाही. मग त्यानं कोट बाजूला करून आतलं जाकीट दाखवलं. पास्तोरिनीनं तसलंच एक आपल्यासाठी मागितलं.

ही हकिकत पास्तोरिनीनं पुढे अनेकदा सांगितली. दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक तोफगोळ्यांच्या कपच्यांपासून वाचायला जे जाकीट घालत, त्यावरून याला 'फ्लॅक जॅकेट' म्हणू लागले. पास्तोरिनीच्या आत्मचरित्राचं नावही 'टेकिंग फ्लॅक' असंच आहे. २४ डिसेंबर १९७८ ला मायामीत तो हे जाकीट घालून उतरला, २९ पैकी २० फेकी यशस्वी केल्या, ३०६ यार्ड मिळवले आणि ऑयलर्सनी मायामी डॉल्फिन्सना १७-९ असं हरवलं. पुढच्या फेरीत न्यू इंग्लंडला हरवून ते पिट्सबर्गपर्यंत पोचले आणि तिथे ५-३४ असे हरले.

पण मला डॉन्झिस आवडतो तो बॅटच्या धाडसापेक्षा त्यानंतरच्या कामासाठी. बरगड्यांचं कोडं सुटल्यावर तो खांद्यांकडे वळला. त्याची पेटंट अमेरिकी पेटंट कार्यालयात कुणालाही वाचता येतात. ११ डिसेंबर १९८४ चं ४४,८६,९०१ क्रमांकाचं पेटंट आघात शोषणाऱ्या, अनेक पदरी, उघड्या छिद्रांच्या फोमविषयी आहे. ३० एप्रिल १९८५ चं ४५,१३,४४९ हे आघात शोषणाऱ्या क्रीडासाहित्याविषयी. कार्यालयानं ती वर्ग २ मध्ये घातली आहेत. वर्ग २ म्हणजे कपडे. सदरे, हातमोजे, टोप्या यांच्या रांगेत ही चिलखतं बसलेली पाहून मला समाधान वाटलं. ती अखेर माणसाच्या अंगावर दिवसभर वागवायची वस्तू आहे, आणि चांगल्या शिंप्यासारखाच तिचा विचार व्हायला हवा.

डॉन्झिसची कल्पना सोपी आहे. बंद छिद्रांच्या फोममध्ये प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र असतो. तो कडक असतो, घाम पीत नाही आणि मोठा धक्का झेलतो, पण अंगाशी जुळवून घेत नाही. उघड्या छिद्रांचा फोम मऊ असतो, त्यातली हवा एका छिद्रातून दुसऱ्यात जाऊ शकते. पण नुसता वापरला तर एका फटक्यात चपटा होतो आणि घामानं भिजून ओझं होतो. डॉन्झिसनं हा मऊ फोम हवाबंद नायलॉनच्या पिशवीत घातला. आता फटका बसला की हवेला पळायला बाहेर वाट नाही. ती फोमच्या छिद्राछिद्रांतून वाट काढत शेजारच्या भागात सरकते आणि या सरकण्याला वेळ लागतो. मार ओसरला की फोम पुन्हा फुगतो आणि पुढच्या फटक्याला तयार होतो. अंगणात माझ्या मुठीतून सुटलेली हवा ती हीच.

तो वेळच सगळं काही आहे. ढोबळ हिशेब करू. ९० किलोचा खेळाडू सेकंदाला ६ मीटर वेगानं येतो आणि एका सेकंदाच्या विसाव्या भागात थांबतो. सरासरी बल १०,८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ११०० किलोचं ओझं. थांबायला दुप्पट वेळ मिळाला तर तेच बल निम्म्यावर येतं. शिवाय ते नाण्याएवढ्या सांध्यावर येण्याऐवजी ताटाएवढ्या छातीवर पसरलं, तर तेच ओझं शरीराला पेलतं. कमान जागा देते, उशी वेळ देते. पॅडची विद्या या दोन देण्यांत सामावलेली आहे, आणि दोन्हींचा कच्चा माल रिकामी जागा आहे.

इथवर माझं मन आनंदात होतं. मग या विषयातलं जुनं भांडण समोर आलं, आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. चिलखत माणसाला वाचवतं की त्याला जास्त जोरात धडकायला धजावतं?

प्लास्टिकचं हेल्मेट १९३९ मध्ये आलं. डोकं सुरक्षित वाटू लागलं तसे खेळाडू डोकं पुढे घालून टॅकल करू लागले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाडू लागले. धडकेच्या क्षणी मान सरळ रेषेत असेल तर सगळं बल मणक्यांतून जातं आणि मणका मोडतो. जोसेफ टॉर्ग या डॉक्टरांनी अशा दुखापतींच्या देशभरच्या नोंदी गोळा केल्या. १९७६ मध्ये शाळा-कॉलेजांच्या खेळात डोक्यानं पहिली धडक देण्यावर बंदी आली. कायमचं पंगुत्व आणणाऱ्या मानेच्या दुखापती १९७६ च्या हंगामात ३४ होत्या. १९७७ मध्ये १८ झाल्या आणि १९८४ मध्ये ५. हे नियमानं आणि शिकवण्यानं घडलं, नव्या साहित्यानं नव्हे. टॅकल पुन्हा खांद्यानं होऊ लागला, म्हणजे खांद्याच्या पॅडवरची जबाबदारी वाढली.

रग्बीवाल्यांचं उत्तर वेगळं आहे. तिथे खांद्याचा पॅड चालतो, पण न दाबता १ सेंटिमीटरपेक्षा जाड नको आणि घनता घनमीटरला ४५ किलोपेक्षा जास्त नको. पॅडनं ओरखडे वाचावेत, पण अंगात खोटं बळ येऊ नये, हा त्यामागचा विचार. बरीच वर्षं मला तो नि:संशय बरोबर वाटायचा. त्याचं कारण ऑयलर्सच्या त्याच १९७८ च्या संघातला अर्ल कॅम्पबेल. पहिल्याच हंगामात १,४५० यार्ड धावून तो लीगमध्ये अव्वल ठरला, आणि तो धावायचा तो खांदा खाली घालून, समोरच्याला उडवत. उतारवयात त्याच्या पाठीची आणि गुडघ्यांची जी दशा झाली ती सर्वांना ठाऊक आहे. पॅडनं त्याचा सांधा राखला. सांध्यामागचं शरीर कुठल्याही पॅडला राखता आलं नसतं.

तरीही आता मी पॅडच्या बाजूनं बोलते, कारण चांगली रचना समोरच्या माणसाचाही विचार करते. कॉलेज फुटबॉलच्या नियमात एक छोटं कलम आहे: खांद्यावरच्या झडपेची, म्हणजे एपॉलेटची, पुढची कड तिच्या जाडीच्या किमान निम्म्या त्रिज्येनं गोल केलेली असली पाहिजे. ही गोलाई घालणाऱ्याच्या उपयोगाची नाही, ज्याच्यावर तो आदळणार त्याच्यासाठी आहे. मान दुखावलेल्या खेळाडूचं हेल्मेट एकटं काढत नाहीत, त्यामागेही रचनेचाच विचार आहे. पॅड धड वर उचलतो, हेल्मेट डोकं वर उचलतं. एक काढलं आणि दुसरं ठेवलं तर मान वाकते. काढायचे तर दोन्ही, ठेवायचे तर दोन्ही. म्हणून दोर ओढताच सुटे होणारे पॅड निघाले.

उष्णतेचा हिशेबही असाच. नायलॉन आणि प्लास्टिक घामाला सुकू देत नाही. ऑगस्ट २००१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर सरावात उष्माघातानं गेला. २००३ मध्ये कॉलेजांच्या सरावासाठी पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हेल्मेट आणि शोल्डर पॅड, पूर्ण पोशाख पाचव्या दिवसापासून, असा क्रम ठरला. फ्लोरिडा विद्यापीठाच्या भूलशास्त्र विभागातल्या संशोधकांनी पॅडच्या पोकळ्यांतून थंड हवा सोडण्याची सोय केली. पुन्हा रिकामी जागाच कामाला आली.

आपल्या बाजूला हा खेळ तसा नवा; २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीगचे सामने कोलंबोत झाले. पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स हे संघ त्यात होते. खांद्याची काळजी ही गोष्ट मात्र आपल्याला परकी नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वागवलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात. ज्याच्या खांद्यावर भार टाकला, त्याच्या खांद्याचं देणं लागतो, ही जाण त्यात आहे. पॅड बनवणाऱ्या कंपन्यांनी, शाळांनी आणि हजारोंच्या संख्येनं स्टेडियम भरणाऱ्या आम्ही प्रेक्षकांनीही ती ठेवायला हवी. लहान झालेला, मापात न बसणारा पॅड मुलाला घालायला देणं हा माझ्या मते गुन्हा आहे. कारण मापात न बसणाऱ्या पॅडची कमान सांध्यावर टेकते आणि मार थेट हाडाला देते.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी भाच्याचा सामना होता. निघण्याआधी तो नवा पॅड घालून स्वयंपाकघरात आला. शाळेत शिकवलेली तपासणी त्यानं माझ्यासमोर केली: छातीवरची लेस बरोबर मध्यावर, काखेखालचे पट्टे घट्ट, दोन्ही हात डोक्यावर नेल्यावर गळ्याशी कवच रुतत नाही. मग तो माझ्यापुढे वाकला आणि म्हणाला, "मावशी, बघ ना, जातंय का?"

कवचाखाली, खांद्याच्या टोकाशी, मी बोट घातलं. वर प्लास्टिक लागलं, खाली त्याच्या अंगाची ऊब. मधे जागा होती. "जातंय," मी म्हणाले, आणि त्यानं जर्सी चढवली.