चार बोटांची नळी

‘आरएक्स १०० च्या वेडावर लिहा,’ असं सांगून संपादकांनी मला कोल्हापूरला धाडलं. त्यांना हवं होतं आवाजाचं नि पिकअपचं कौतुक, आणि तरण्या पोरांनी लाखभर रुपये मोजून घेतलेल्या, स्वतःपेक्षा वयाने मोठ्या गाड्यांचे फोटो. ते सगळं आहेच. १९८५ साली यामाहाच्या तंत्रज्ञानावर एस्कॉर्ट्सने ही गाडी भारतात आणली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोंच्या आसपास. १९९६ मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि उत्पादन थांबलं. इतिहास एवढा पुरे, कारण शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात मी अडकलो तो पेट्रोलच्या नळीपाशी.

गॅरेजवाल्या मिस्त्रींना सगळे ‘मामा’ म्हणतात. एक गाडी समोर उभी होती. टाकीला ताजा रंग, क्रोम झगझगीत. तक्रार अशी, की गावात गाडी ठणठणीत, पण हायवेला कागलच्या पुढे ॲक्सिलरेटर पिळला की गचके खाऊन बंद. मिनिटभर थांबलं की पुन्हा चालू. मालकाने दोन ठिकाणी कार्ब्युरेटर साफ करून घेतला होता. मामांनी आधी टाकीचं झाकण उघडं ठेवून गाडी पळवून पाहिली. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं तरी हाच आजार होतो. ते ठीक निघालं. मग ते खाली वाकले आणि हसले. ‘हे बघा, पाव्हणं. पाण्यागत उताराला जाणारं पेट्रोल. त्याला चढ कशाला द्यायचा?’

या गाडीला पेट्रोलचा पंप नाही. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली. पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. कॉकपासून कार्ब्युरेटरच्या निपलपर्यंत अंतर जेमतेम चार बोटांचं. तेवढ्यात कुणीतरी वीतभर पारदर्शक पाइप घातला होता, मध्ये कागदी फिल्टर, आणि उरलेली लांबी वर कमान करून दडपलेली. टाकी भरलेली असेल तर पेट्रोल ती कमान ओलांडतं. टाकी उतरली की कमानीत हवा धरते आणि धार बारीक होते. गावातल्या चालीला ती पुरते. हायवेला कार्ब्युरेटरमधली फ्लोटची वाटी भरण्याआधीच रिकामी होते.

जुना पाइप मामांनी ओढला नाही. तो निपलवर दगडासारखा बसलेला; पकडीने हिसका दिला असता तर निपलच हातात आला असता. ब्लेडने उभी चीर दिली आणि साल काढल्यासारखा सोलून काढला. नव्या काळ्या नळीचं टोक एकाच दाबात, काटकोनात कापलं. करवतीने कापलं की रबराचा भुगा आत राहतो आणि थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. मग कोमट पाण्यात टोक बुडवलं आणि अंगठ्याने फिरवत निपलच्या फुगवट्यापलीकडे सरकवलं. क्लिप स्प्रिंगची, स्क्रूची क्लिप जास्त आवळली की नळीला कट बसतो. शेवटी टॉर्च लावून पाहिलं, नळी सिलिंडरच्या फिन्सना टेकते का, कुठे मुडपते का. वाटीची ओव्हरफ्लोची नळीही त्यांनी गरम सायलेन्सरपासून लांब, खाली मोकळी सोडली. एवढ्याशा कामाला पाऊण तास. मला तो वेळ वाया गेल्यासारखा मुळीच वाटला नाही.

याच गाडीला आणखी एक नळी असते, टू-टी ऑइलची. ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाकडे आणि तिथून इंजिनात जातं. ती उघडली तर पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढावी लागते, आणि खात्री होईस्तोवर पेट्रोलमध्येही थोडं ऑइल मिसळावं लागतं. पेट्रोलच्या नळीत हवा धरली तर गाडी बंद पडते. ऑइलच्या नळीत धरली तर पिस्टन जाम होतो.

इथवर सगळं कसबाचं काम. पण मामांच्या बाकड्यावर एका डब्यात मेलेल्या नळ्यांचे तुकडे होते, आणि त्यांनी ते एकेक करून माझ्या हातावर ठेवले. एक फुगून मऊ झालेला, एक वाळून कडक, वाकवताच बारीक चिरा दाखवणारा. कारण पंपावरच्या पेट्रोलमध्येच आहे. २०२२ च्या जूनमध्ये देशात इथेनॉलचं मिश्रण दहा टक्क्यांवर गेलं; वीस टक्क्यांचं २०३० चं लक्ष्य अलीकडे ओढून २०२५ वर आणलं गेलं. हा इथेनॉल काही अंशी उसाचा, म्हणजे कोल्हापूरच्या आजूबाजूच्या शिवारातलाच. ज्या घरातून ऊस कारखान्याला जातो, त्याच घरातली जुनी गाडी मामांकडे येते.

साध्या नायट्राइल रबराला इथेनॉल फुगवतो, त्यातली मऊपणा टिकवणारी द्रव्यं खेचून घेतो. गाडी महिनाभर उभी राहून नळी सुकली की ती तडकते. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतो. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि कॉकचं रिझर्व्हचं छिद्र नेमकं तळालाच असतं. म्हणून पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी ‘ऑन’वर चालते आणि रिझर्व्हला लावली की मरते. शिवाय टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सुटून जेट बुजवतो, तो वेगळाच ताप.

उपाय आहे. नळीवर ‘एसएई ३० आर९’ असा शिक्का असेल तर आतून फ्लोरो-रबराचं अस्तर असतं आणि ते इथेनॉलला दाद देत नाही. ‘आर७’ म्हणजे आतून नायट्राइलच. पण ‘आर९’ महाग, आणि मोटारीच्या मापात मिळते. पाच-सहा मिलिमीटरच्या नळीसाठी मामांना दुकानं पालथी घालावी लागतात. रंगावर वीस हजार घालणारा मालक नळीच्या दोनशे रुपयांवर घासाघीस करतो, याचा त्यांना राग आहे. मला तो रास्त वाटला.

नळी बदलूनही काम संपत नाही. कॉकच्या आतला चार भोकांचा वॉशर, फ्लोटच्या सुईचं रबरी टोक, वाटीचं पॅकिंग हे सगळं त्याच पेट्रोलात भिजतं. डुप्लिकेट वॉशर सहा महिन्यांत फुगतो आणि कॉक फिरेनासा होतो. जुन्या स्टॉकमधले ‘ओरिजिनल’ म्हणून विकले जाणारेही इथेनॉलच्या आधीच्या काळातले. आता मामांनी उद्यमनगरातल्याच एका रबर मोल्डिंगवाल्याला नमुना दिला आहे. फ्लोरो-रबरात पाडून दे म्हणून. तो म्हणतो, डायचा खर्च निघायला किमान पाचशे नग घ्या. मामा गिऱ्हाइकांची यादी करत बसले आहेत.