उसाची गाडी, मालमोटार आणि नुकसानभरपाई

रात्री उसाची बैलगाडी कारखान्याकडे जात असता मागून मालमोटारीने धडक दिली. गाडीस कंदील नव्हता, एवढ्यावरून "चूक आपलीच" असे म्हणून हक्क सोडून देणारे शेतकरी आम्हांस पुष्कळ आढळतात. हा समज निराधार आहे. दोष अंशतः आपला असला तरी दावा बुडत नाही. दोषाच्या प्रमाणात रक्कम मात्र कमी होते. नुकसान १० लाखांचे व आपला दोष शेकडा ३० ठरला, तर ७ लाख मिळावयाचे. हे प्रमाण पुराव्यावरून न्यायाधिकरण ठरविते, विमा कंपनीचा माणूस नव्हे. म्हणून पंचनाम्यात चाकांच्या घसरणीच्या खुणा, रस्त्याची रुंदी, गाडी कोणत्या बाजूस होती, मागे चकाकणारी तांबडी पट्टी होती काय, हे सर्व नमूद करवून घ्यावे. न वाचता सही तर मुळीच करू नये. गाडीत नुसता बसलेल्या मजुरास गाडीवानाचा दोष चिकटत नाही. दोघांच्या चुकीने अपघात झाल्यास त्रयस्थ जखमीस संपूर्ण भरपाई कोणा एकाकडूनही मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालील अर्ज आपण राहतो तेथील न्यायाधिकरणातही करता येतो. २०२२ पासून कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. कलम १६४ खाली दोष सिद्ध करावा लागत नाही: मृत्यूस ५ लाख, जबर दुखापतीस अडीच लाख. परंतु ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालील दावा संपतो. घरातील कर्ता पुरुष दगावला असेल तर वकिलाकडून दोन्ही आकडे काढवून मगच मार्ग निवडावा.