चित्रपट-महोत्सव हवेत कशाला?

चित्रपट-महोत्सवाला निघालो असे म्हटले की, आमच्या घरातील तरुण मंडळी हसू लागतात. सारे जग खिशातल्या फोनवर आले असताना रांगेत ताटकळायचे कशाला, हा त्यांचा प्रश्न. आणि वरवर पाहता तो बिनतोड आहे. एके काळी जपानी किंवा इराणी चित्रपट पाहायचा तर महोत्सवावाचून गत्यंतर नसे. आज मध्यरात्री गादीवर लोळत हवा तो चित्रपट लावता येतो.

पण ‘हवा तो’ या दोन शब्दांतच खरी मेख आहे. आपल्याला काय हवे, हे आपल्याला आधीच ठाऊक असते काय? आपण काल काय पाहिले ते फोन लक्षात ठेवतो आणि आज त्याच जातीचे आणखी चार पुढे करतो. ओळखीच्या हॉटेलातला वेटर न विचारता नेहमीचा चहा आणून ठेवतो, तशातलाच हा प्रकार! सोय मोठी खरी. पण अशाने नवी चव कळायची कधी?

१९५२ च्या जानेवारीत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सव मुंबईत भरला. त्यात डी सिकाचा ‘बायसिकल थीव्हज’ होता. भिंतींवर जाहिराती चिकटवणाऱ्या एका गरिबाची सायकल चोरीला जाते आणि बापलेक ती शोधीत रोमभर भटकतात, एवढीच गोष्ट. ना नाचगाणे, ना नावाजलेला नट. असला चित्रपट आपल्या प्रेक्षकाने आपण होऊन मागितला असता का? पण तो पाहून बिमल रॉय भारावले, आणि १९५३ साली ‘दो बिघा जमीन’मधून कलकत्त्याच्या रस्त्यावर हातरिक्षा ओढणारा शेतकरी पडद्यावर आला. पुढच्याच वर्षी कान महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले.

मराठीवर तर महोत्सवांचे ऋण जुने आहे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा व्हेनिसला गौरव झाला तो १९३७ साली. तेथेच २०१४ साली चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने पारितोषिके मिळवली. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेल्या मुंबईकर तरुणाची कथा सांगणाऱ्या, रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, मग तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला. ज्याच्यापाशी जाहिरातीला पैसा नाही, अशा चित्रपटाची दवंडी दुसरे कोण पिटणार? फोनवरच्या हजारोंच्या गर्दीत त्याचे नावसुद्धा कोणाच्या नजरेस पडायचे नाही.

महोत्सवांत दोष नाहीत असे नाही. सकाळी दहाचा खेळ नोकरदाराच्या काय कामाचा? आडगावच्या रसिकाला तर फोनच खरा आधार. दोघांत भांडण लावण्याचे कारण नाही. पण फोनने महोत्सवाची जागा भरून निघेल, हे मात्र मला पटत नाही. अंधारात पाचशे अनोळखी माणसे एकाच वेळी श्वास रोखतात आणि बाहेर पडताच रांगेतल्या परक्याशी आपण तावातावाने वाद घालतो, हे सुख घरच्या गादीवर कुठले!

वाचकहो, गोव्यात २००४ पासून दरसाल आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो आहे. पुण्याचा तर २००२ पासूनचा. यंदा मुलाबाळांना घेऊन एक दिवस जवळच्या महोत्सवाला जा, आणि ज्याचे नावही कधी ऐकले नाही असा एखादा चित्रपट पाहा. आवडला नाही तर दोन तास गेले. आवडला तर मुलांना एक नवे जग मिळाले.